छान-छान मास्तरांची गाडी

२ फेब्रुवारी

नाही, मी घाबरलेली नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. आणि या वयात गाडी कशाला शिकायची, हेही कुणी विचारू नये. शिकायची म्हणून शिकायची.

ही वही सुनेने पाठवलीय. कागद गुळगुळीत, वर उगवता सूर्य, आणि दर पानाच्या तळाला छापलंय, "आज मी कशामुळे आनंदी आहे?" त्याखाली तीन रिकाम्या ओळी. सून म्हणते, "आई, रोज चांगलं तेवढंच लिहायचं, मन बदलतं." माझं मन आहे तसं बरं आहे. पण कोरा कागद वाया घालवणं मला जमत नाही, म्हणून लिहितेय. चांगलं-वाईट जे असेल ते येईल.

झालंय असं. म्हाताऱ्याचे डोळे गेले. अगदी गेले नाहीत, कडेकडेचं दिसतं, मधलं पुसल्यासारखं. जन्मभर पावाची गाडी चालवली या माणसाने, दुकानोदुकानी पाव पोचवला, आणि आता साखर कपात न घालता कपाशेजारी घालतो. मागच्या महिन्यात पायरीवरून घसरला. आमचं घर चढाच्या टोकाला. टॅक्सीवाले फोनवर हो-हो म्हणतात आणि चढ बघून परत फिरतात. म्हातारा घोटा धरून पायरीवर, मी रस्त्यावर हात हलवत, आणि आमची स्वतःची गाडी दारात धुऊनपुसून उभी. शेवटी दूधवाल्याच्या टेम्पोतून नेलं, क्रेटांच्या मधे बसवून.

तेव्हापासून मुलाने धोशा लावलाय, घर बंद करा, इकडे या. त्याच्याकडे बाराव्या मजल्यावर एक खोली आहे. तिची खिडकी दुसऱ्याच्या खिडकीत उघडते. माझं शिलाई मशीन तिथं मावत नाही, हे त्याने टेप लावून सांगितलं. वर, "आई, आता कशाला शिवायचं तुला?"

मी म्हटलं, "गाडी चालवणारं माणूस हवंय ना घरात? मी शिकते."

तो म्हणाला, "मार्चअखेरपर्यंत बघतो. लायसन आलं तर राहा तिथंच. नाही आलं तर सामान हलवायचं, आणि भांडायचं नाही. कबूल?"

"कबूल."

मागून सूनबाई ओरडल्या, "आई, किती पॉझिटिव्ह!"

आज मी कशामुळे आनंदी आहे? भोपळा.


५ फेब्रुवारी

पहिला धडा झाला. शिकवणारा मास्तर मुलाच्या वयाचा. शर्टाला कडक इस्त्री, पण कॉलर उलटवून शिवलेली, आणि तीही वाकडी. मला असलं लगेच दिसतं. बोलायला मात्र मधाचं पोळं.

"काकू, किल्ली फिरवायच्या आधी मोठ्याने म्हणायचं, मी करू शकते."

"काय करू शकते?"

"काहीही!"

"काहीही कशाला? गाडी कोपऱ्यापर्यंत गेली तरी बास."

"छान! असंच मोकळं बोलायचं. छान."

मी किल्ली फिरवली, छान. आरसा पुसला, छान. शिंकले, तरी त्याच्या तोंडून छानच निघालं. मी त्याचं नाव छान-छान मास्तर ठेवलंय.

गाडी आमच्यासारखीच, आपोआप गिअर पडणारी. म्हाताऱ्याचा गुडघा दुखायला लागला तेव्हा तसली घेतली होती. दोन पेडलं, एक पळायचं, एक थांबायचं. मास्तराच्या बाजूलाही एक ब्रेक आहे. मी विचारलं तर म्हणाला, "तो नुसता असतो काकू. मनाच्या समाधानाला."

म्हातारा मागच्या सीटवर. त्याला घरी एकटा ठेववत नाही, म्हणून नेते. अट एकच, तोंडातून अक्षर काढायचं नाही. एकदा त्याने मला शिकवायला घेतलं होतं, मुलगा कडेवर होता तेव्हा. त्या दिवशी आम्ही दोघं दोन वेगळ्या रस्त्यांनी घरी आलो आणि गाडी तिसरीकडेच राहिली. तेव्हापासून विषय बंद. आता शपथ घातलीय. बोलला तर चहा बंद.


११ फेब्रुवारी

जमतंय. मला वाटलं होतं त्याहून सोपं आहे. सरळ शिवण असते तशी सरळ जाते. मास्तर म्हणतो, "लांब बघा काकू, बॉनेटकडे नको." हे मला सांगावं लागतं का? शिवतानाही सुईकडे बघणारी बाई वाकडीच शिवते. कापडाची कड बघायची, सुई आपलं काम करते.

आज मधेच मास्तर ओरडला, "थांबा!" रस्त्यात कुत्रं आलं होतं. गाडी जागच्या जागी उभी. "वा! काय थांबवलीत काकू! छान!" कुत्रंसुद्धा वळून बघत होतं.

मागे म्हातारा खोकला. सारखा खोकतो. गाडी थांबली की खोकतो. खिडकी बंद ठेवायला पाहिजे.

मास्तराच्या बुटाला काहीतरी ठोकलंय, सारखं टक टक वाजतं. आणि माझ्या बाजूच्या काचेवर रोज पंजाचे ठसे पडतात, मास्तर फडक्याने पुसतो. तळव्याला घाम येत असावा. येवढ्या थंडीत? असेल. 

आनंदी कशामुळे : कुत्रं वाचलं.


१७ फेब्रुवारी

खोटं कशाला लिहू, छान म्हटलेलं बरं वाटतं. माझ्या कामाला आजवर कुणी छान म्हटलेलं नाही. पँट आखूड करून दिली, नीट बसली, माणूस पँट घेऊन जातो. नीट नाही बसली तर मात्र अर्धा तास बोलतो. मुलगा लहानपणी म्हणायचा, आई कधी शाबास म्हणत नाही. म्हणायचं काय त्यात? करायचंच होतं ते केलं.

आज किल्ली फिरवताना मास्तराने सांगायच्या आधीच म्हटलं, मी करू शकते. जरा लाज वाटली. पण म्हटलं. त्याच्या सीटला नवीन कव्हर शिवून दिलं आणि कॉलर उसवून नीट लावून दिली. तो म्हणाला, "काकू, तुम्ही चोवीस तारखेला परीक्षेला बसाच. माझी खात्री आहे."

सुनेला फोनवर सांगितलं. तिने टाळ्या वाजवल्या. मुलगा म्हणाला, "जपून गं." बास, एवढंच. त्याला मी नापास व्हायला हवी असणार, मला दिसत नाही का? खोली रंगवून ठेवलीय म्हणे. रोज फोन करतो आणि पहिलं विचारतो, आज कुठपर्यंत नेलीस, रहदारी होती का, अंधार होता का. पाळत ठेवतो.

म्हाताऱ्याला विचारलं, "कशी चालवते मी?" तो म्हणाला, "मला बोलायला बंदी आहे."

"आता घरात आहोत. बोला."

"रस्ता चांगला धरतेस," म्हणाला. पुढे काहीतरी येणार होतं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.


२४ फेब्रुवारी

नापास.

नीट लिहिते. परीक्षेला आम्ही आमचीच गाडी नेली, सवयीची होऊ दे म्हणून. परीक्षा घेणारी बाई मख्ख. चष्मा नाकाच्या टोकावर, चेहऱ्यावर माशी हलत नाही. मला आजी म्हणाली. ऐकून घेतलं, काम आपलं होतं.

वळणं झाली. चढावर लावून झाली. उलटी घेऊन झाली. सगळं सुईत दोरा ओवल्यासारखं. मग कचेरीच्या मागच्या पटांगणात ती अचानक म्हणाली, "थांबा!"

मी थांबले.

"आजी, थांबा."

"थांबलेय."

"गाडी चाललीय."

खरंच चालली होती. जेवण झाल्यावर पाहुणा शतपावली करतो ना, तशी. पुढे खुणेला ठेवलेला तांबडा प्लास्टिकचा शंकूसारखा टोप होता, तो खाली गेला. त्याच्या पुढे कचेरीची कुंडी होती. त्या बाईने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला तेव्हा कुंडी कलंडली होती, पण फुटली नाही. माझ्या नशिबातलं एवढंच चांगलं. म्हणजे आज तीन ओळींत लिहायला काहीतरी आहे. आनंदी कशामुळे : कुंडी फुटली नाही.

"ब्रेक का दाबला नाही?" बाईने विचारलं.

"दाबला."

"तुमचे दोन्ही पाय हवेत होते आजी. आणि तुम्ही काच दाबत होतात."

मी म्हटलं, गाडी बिघडली असेल. तिने नापास लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. बाहेर छान-छान मास्तर उभा. "छान प्रयत्न होता काकू!" मनात आलं, तो टोप याच्या डोक्यावर घालावा.

संध्याकाळी चहा घेताना म्हातारा म्हणाला, "तू कधी थांबवलीच नव्हतीस."

"काय?"

"अचानक थांबायची वेळ आली की तो थांबवायचा. त्याच्या पायाखालचा ब्रेक टक करून वाजायचा, मग गाडी थांबायची, मग तो छान म्हणायचा. दर वेळी. सावकाश थांबायचं असेल तर तू दाबतेस. एकदम थांबायचं असेल तर नाही."

"आणि तुम्ही हे मला आज सांगताय?"

"बोलायला बंदी होती. खोकत होतो की."

"खोकला म्हणजे काय सिग्नल आहे? माणसाने ओळखायचं कसं?"

"मी जेवढं जमेल तेवढं स्पष्ट खोकत होतो."

चहा मोरीत ओतला. माझा. त्याचा त्याने आधीच संपवला होता.


२६ फेब्रुवारी

म्हाताऱ्याशी बोलत नाही. मास्तराचा फोन उचलत नाही. वही फेकणार होते, पण तेवढ्यासाठी उठायचा कंटाळा आला.

मला राग कशाचा येतो माहितेय? नापास झाले त्याचा नाही. गिऱ्हाइकाचं कापड चुकीचं कापलं तर मी सांगते, चुकलं. तोंडावर सांगते. मग ते दुरुस्त होतं. इथं रोज चुकत होते आणि रोज छान ऐकून घरी येत होते. आणि मला ते गोड लागत होतं. ही त्यातली खरी नालायकी.

मुलाचा फोन आला. आवाज इतका मऊ की मला कळलं, सामानाचं बोलणार. "आई, तू प्रयत्न केलास ना, तेच खूप." मग सून आली. तिने मोबाईलवर चित्र पाठवलं. कुणाच्यातरी घरात जुन्या शिलाई मशीनचं नुसतं लोखंडी स्टँड, वर काच, काचेवर फुलदाणी. "आई, आपल्या मशीनचं असं करू या! तुमची आठवण हॉलमध्येच राहील!"

मी अजून जिवंत आहे, हे कुणीतरी सुनेला सांगा.

मार्च अखेर व्हायला अजून वेळ आहे. परीक्षा परत देता येते. पण पाय हवेत का जातो, तेच कळत नाही. इथंच घोडं पेंड खातंय. मी घाबरते का? नाही घाबरत. मग?


२८ फेब्रुवारी

आज कळलं. आणि ते म्हाताऱ्याने सांगितलं, म्हणून अजून रागच येतोय.

दुपारी मशीनवर बसले होते, शाळेच्या पोरीचा स्कर्ट कमरेला सैल करायचा होता. म्हातारा शेजारी खुर्चीत. तो तसाच बसतो, बघता येत नाही तरी. माझं मशीन आधी पायाने हलवायचं होतं, मग त्याला मोटर बसवली. खाली पेडल. दाबलं की पळतं. सोडलं की थांबतं. पण मोटर एकदम थांबत नाही, दोन टाके पुढे जाते, म्हणून उजव्या बाजूच्या चाकावर तळवा मारायचा. थप. जागच्या जागी.

म्हातारा एकदम ओरडला, "थांब!"

मी थांबले. "काय झालं? पडलं का काही?"

"काही नाही. परत शिव."

"डोकं फिरलंय का?"

"शिव गं."

शिवलं. परत ओरडला, "थांब!" परत थांबले.

तो म्हणाला, "हाच आवाज. थप. गाडीत दर वेळी हाच यायचा, काचेवर. मला वाटायचं माशी मारतेस."

मी माझ्या हाताकडे बघितलं. चाकावर होता. पाय बघितले. हवेत होते.

"त्या काचेच्या जागी चाक नाही गं," म्हातारा म्हणाला.

इतकी वर्षं, थांबायचं तर पाय उचलायचा. मुलगा पाळण्यात रडला, पाय उचल, थप. दूध उतू गेलं, पाय उचल, थप. आणि आता गाडी म्हणते, थांबायचं तर दाब. अंगाने ऐकायचं कुणाचं?

चार दिवसांनी म्हाताऱ्याला चहा करून दिला. साखर मी घातली. कपात.


३ मार्च

मास्तराकडे गेले. तो म्हणाला, "काकू! आलात! छान—"

"गप्प बसा. आजपासून छान म्हणायचं नाही. आणि तुमचे पाय खाली ठेवायचे नाहीत."

"म्हणजे?"

"मांडी घालून बसा. सीटवर."

त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "काकू, माझी नोकरी..." मग म्हणाला, "एका बाईंना मी चुकलं म्हटलं होतं. त्या गाडीतून उतरल्या त्या परत चाकाला हात लावायलाच आल्या नाहीत. त्यानंतर मी ठरवलं, वाईट बोलायचं नाही."

"त्या नाही आल्या. मी आलेय. मला चुकलं म्हणा, मी जाणार नाही, पळून जाऊन कुठं जाऊ, बाराव्या मजल्यावर?"

मोकळ्या मैदानात गेलो, चिटपाखरू नाही असं. हँडब्रेकवर हात ठेवायला परवानगी दिली, तेवढा माणुसकीचा भाग. मास्तर बूट काढून मांडी घालून बसला. इस्त्रीची पँट, वर मांडी, मोज्याला भोक. "थांबा" म्हणायचं काम म्हाताऱ्याला दिलं. त्याची बंदी उठवली. इतक्या वर्षांनी मला हुकूम करायला मिळतोय, तर काय त्याचा उत्साह!

"थांब!" थप. गाडी चाललीच.

"चुकलं," मास्तर अगदी हळू म्हणाला. जसं काही शिवी देतोय.

"मोठ्याने."

"चुकलं काकू!"

"थांब!" थप.

"चुकलं! परत चुकलं! ओ काकू, झाड!"

हँडब्रेक त्यानेच ओढला. डोळे गच्च मिटून तोंडाने पुटपुटत होता. मी कान दिला. म्हणत होता, "मी करू शकतो, मी करू शकतो."

आनंदी कशामुळे : मास्तराचा मोजा.


१० मार्च

घरात थांब-थांब चाललंय. म्हाताऱ्याला मोकळीक दिलीय, वाटेल तेव्हा ओरड. ओरडला की उजवा पाय जमिनीत रुतवायचा आणि उजवा हात होता तिथंच ठेवायचा. भांडी घासताना थांब. केस विंचरताना थांब. भाजीवालीच्या दुकानात मोठ्याने थांब, मी पाय आपटला, बटाट्यांची रास ढासळली. भाजीवाली म्हणाली, "काका, एवढा कशाला धाक दाखवता बाईमाणसाला?" म्हातारा छाती काढून उभा. जन्मात पहिल्यांदा कुणाला वाटलं की आमच्या घरात त्याचं चालतं.

हात अजून उठतो. पण थप होत नाही, अर्ध्यात थांबतो. पाय निम्म्या वेळा खाली जातो. उरलेल्या निम्म्यात झाड.

मास्तर आता खणखणीत चुकलं म्हणतो. त्याला चव लागलीय. आज म्हणाला, "काकू, हे अगदीच भिकार होतं." मग स्वतःच दचकला. मी म्हटलं, "आता कसं शिकवताय!"

संध्याकाळी मुलाचा फोन. "किती वेळा पडतेस गं तोंडावर, आई? कशाला?" आवाज वेगळा येत होता. सर्दी असावी.


१५ मार्च

बोटाला पट्टी आहे, म्हणून अक्षर वाकडं.

जे व्हायचं तेच झालं. मशीनवर होते. दोरा गुंतला, थांबायचं होतं. पाय दाबला. गाडीला दाबायचा तसा, पार तळापर्यंत. मोटर सुसाट. सुई नखातून खाली. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर डाग.

रक्त धुतलं, बोट बांधलं, शर्टवाल्याला सांगितलं, चुकलं, नवीन शिवून देते. मग मशीनसमोर बसून राहिले. ज्या मशीनसाठी हे सगळं चाललंय, तेच हातातून चाललंय. पायाला एकच गोष्ट कळते. गाडी शिकवली तर शिवण जाते. शिवण ठेवली तर गाडी जाते आणि मग शिवणही जाते, कारण बाराव्या मजल्यावर फुलदाणीच. दोन्हीकडून माझंच तोंड फुटतंय.

म्हातारा चाचपडत आला, बोट धरायला गेला, मनगट धरलं. म्हणाला, "सोडून देऊ या का? जाऊ पोराकडे. माझ्यासाठी चाललंय ना."

"तुमच्यासाठी? तुमच्यासाठी मी कधी काही केलंय का?"

"नाही ना," म्हणाला. "तेच म्हटलं." आणि तिथंच बसून राहिला, मनगट धरून. मला उठायचं होतं, पण उठले नाही, बोट दुखत होतं म्हणून.


१६ मार्च

सकाळी उठल्यावर सुचलं. पाय दोन आहेत.

पेडल डावीकडे सरकवलं. गाडीला उजवा, मशीनला डावा. डाव्या पायाची शिवण अशी येते की पहिलीतलं पोर लाजेल. चिंध्यांवर शिकतेय. म्हाताऱ्याला तिथं थांब म्हणायची सक्त मनाई.

सुनेच्या तीन ओळी आज तशाच. वेळ नाही.


२३ मार्च

परत तीच मख्ख बाई. कुंडी जागेवर होती, पण आता भिंतीच्या मागे.

मी किल्ली फिरवण्याआधी म्हटलं, "मला एकदम थांबता येत नव्हतं. आता बहुतेक वेळा येतं."

"बहुतेक?"

"खोटं सांगू का?"

तिने कागदावर काहीतरी खरडलं. वळणं, चढ, उलटी. मग पटांगण. माझे कान सशासारखे, येतोय, आता येतोय, आणि ती काही म्हणेचना. एक चक्कर झाली. दुसरी झाली. माझं लक्ष जरा ढळलं, तिच्या ब्लाउजची बाही एका बाजूने उसवली होती, आणि तेव्हाच—

"थांबा!"

उजवा पाय खाली. गाडी अशी उभी राहिली की बाईचा चष्मा उडून समोरच्या काचेवर आपटला. माझा उजवा हात वर होता. हवेत. काचेपासून वीतभर. पण हवेत.

"थांबलीय?" मी विचारलं.

बाईने चष्मा शोधला, डोळ्याला लावला, खाली माझ्या पायाकडे बघितलं. "थांबलीय, आजी."

"मग तसं लिहा."

लिहिलं. पास. उतरताना मी म्हटलं, बाही उसवलीय, कधी आलात तर लावून देईन. ती हसली. म्हणजे हसता येतं तिला.

बाहेर मास्तर. तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "एकदा म्हणा. आज चालेल." त्याला म्हणताच येईना. नाक शिंकरत गाडीत जाऊन बसला.


२९ मार्च

मुलगा आलाय, लायसन स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. उलटसुलट करून बघितलं. फोटोत मी कुणाला तरी मारायला निघालेय असं दिसतं.

त्याला बाजारापर्यंत नेलं. तो पुढे शेजारी, म्हातारा मागे. मुलगा सरळ समोर बघत होता. पण दर कोपऱ्यावर त्याचे दोन्ही पाय खालच्या सतरंजीत रुतत होते, जसा काही तिथं ब्रेक आहे. परत आल्यावर बघितलं तर सतरंजी सुरकुतून गोळा झाली होती. एवढा मोठा झाला, पण गाडीत बसायचं वळण नाही.

"खोली?" मी विचारलं.

"राहू दे तशीच. रंग दिलाय," म्हणाला. "कधी पाहुणे म्हणून या." मग मशीनपाशी गेला, डावीकडचं पेडल बघितलं, माझ्या बोटाची पट्टी बघितली. मला वाटलं, आता भाषण. तर म्हणाला, "माझी पँट आखूड करायचीय." डाव्या पायाने केली. वाकडी झाली. मी म्हटलं, चुकलीय, उसवून परत करते. ऐकलं नाही, तीच घालून गेला. मूर्ख.


३१ मार्च

आज ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मी नेलं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवू. म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही कळलं. 

परत येताना हे म्हणाले, "पावाच्या रस्त्याने ने." जुना रस्ता, जिथं रोज पहाटे गाडी घेऊन जायचे. मी वळवली. हे मागे न बसता पुढे बसले होते. आपणच सांगायला लागले, आता डावीकडे पाण्याची टाकी. होती. आता उतार. होता.

"आता निळ्या दाराचं दुकान. म्हातारी उघडायची, शिव्या घालत. आहे ना?"

निळं दार नव्हतं. मोबाईलचं दुकान झालंय, दिव्यांचा लखलखाट. मी बघितलं. एक मिनिट मनात आलं, आहे म्हणावं. काय जातंय? ह्यांना कुठं दिसणार? कसे आशेने विचारत होते.

"नाही," मी म्हटलं. "मोबाईलचं दुकान आहे. दार काचेचं."

हे हसायला लागले. "माहितेय मला. डोळे चांगले होते तेव्हाच बंद झालं ते. बघत होतो, तू छान-छान म्हणतेस का."

"चावटपणा पुरे. रस्ता बघू द्या."

"मग सांग ना, काय काय दिसतंय." 

सांगत गेले. सायकलवाला. बाकावर झोपलेला माणूस. एका पोरीचा फ्रॉक, खालची शिवण सुटलेली. तांबडा सिग्नल. हिरवा. हे मान हलवत होते, मधेच विचारत होते, कुठल्या बाजूला, किती लांब.

घराच्या चढाखाली आलो तेव्हा हे एकदम म्हणाले, "थांब."

मी पाय दाबला. गाडी उभी. दोन्ही हात चाकावर. समोर काही नव्हतं, मागेही कुणी नव्हतं. इंजिन बंद केलं. मग हे माझ्याकडे वळले, म्हणजे माझ्या कानाकडे, आणि एक वाक्य बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ते काय होतं, ते मी इथं लिहिणार नाही. तीन ओळी रिकाम्या आहेत, राहू देत. सुनेने विचारलं तरी सांगणार नाही, मुलाने विचारलं तरी नाही. वही मिटली. बास.